दात्याचा हेतू आणि दानाचे मोल

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोरेगाव भीमा लागते. तेथे मुख्य रस्ता सोडून थोडे आत गेले की वढू बुद्रुक हे गाव येते. शिरूर तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. परंतु या गावाच्या नावाची नोंद आणखी एका कारणाने जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात झालेली आहे, आणि ते कारण शिरूर-दौंडकडच्या पुष्कळ मंडळींच्याही कानावर गेलेले नसेल.

इ. स. २०११ व २०१२ या दोन वर्षांत वढूच्या परिसरातील अनेक माता आपली सहा-सात आठवड्यांची तान्ही बाळे घेऊन तेथील दवाखान्यात येत. बाळाच्या तोंडात थेंब घातले जात. ते थेंब लशीचे होते की लशीसारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी द्रवाचे, हे आईला माहीत नसे. आणि घालणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसे. तान्ह्या मुलांना जीवघेणी हगवण लावणाऱ्या 'रोटा' नावाच्या विषाणूवर भारतात तयार झालेली लस खरोखर गुण देते की नाही, याची ती कसोटी होती. दिल्ली, वेल्लोर आणि वढू अशा तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बाळांवर ती घेण्यात आली. तिचा खर्च अनेक थैल्यांतून आला. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग त्यात होता, नॉर्वे व ब्रिटन येथील सरकारी संस्था होत्या, लस बनविणारी हैदराबादची भारत बायोटेक होती. आणि एक मोठी थैली होती अमेरिकेतील सिएटल शहरच्या गेट्स प्रतिष्ठानाची.

गेट्स यांचा पैसा संगणकाच्या धंद्यात मिळालेला. तो मुळात आला कसा, ज्याने दिला त्याने का दिला, आणि ज्यांच्या दारी आला त्यांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी संगणक म्हणजे खोली भरून टाकणारे अवजड यंत्र असे. ते सरकारच्या, विद्यापीठांच्या किंवा बड्या कंपन्यांच्या मालकीचे. त्याच्या दिमतीला माणसांचे पथक लागे. सामान्य गृहस्थाने असे यंत्र आपल्या घरी ठेवावे ही कल्पना हास्यास्पद वाटे. ती खरी केली ती कोणा बड्या कंपनीने नव्हे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात अल्बुकर्क शहरी एड रॉबर्ट्स नावाचे एक गृहस्थ होते. हिशेबाची लहान यंत्रे बनविण्याच्या धंद्यात त्यांना खोट आली होती आणि डोक्यावर कर्ज होते. १९७५ च्या जानेवारीत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांच्या 'अल्टेअर ८८००' या यंत्राचे चित्र झळकले. सुटे भाग घरी आणून स्वतःच्या हातांनी जोडावयाचे हे यंत्र चारशे डॉलरच्या आत मिळे. त्याला ना पडदा, ना टंकलेखनाच्या कळा. समोर केवळ खटक्यांची रांग आणि लुकलुकणारे दिवे. तरीही त्याच्यावर छांदिष्टांच्या उड्या पडल्या.

परंतु यंत्र हाती आले तरी ते चालविण्याची विद्या हवी. बाजाची पेटी घरात आणली म्हणून गाणे येत नाही. कोणती पट्टी केव्हा दाबावयाची हे कोणीतरी सांगावे लागते. संगणकाला असे सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. बोस्टनच्या परिसरात राहणाऱ्या दोघा मित्रांच्या दृष्टीस ते मासिक पडले. थोरला पॉल ॲलन हा विशीतला नोकरदार. धाकटा बिल गेट्स १९ वर्षांचा आणि हार्वर्ड विद्यापीठाचा विद्यार्थी. दोघांनी अल्टेअर डोळ्यांनी न पाहताच, विद्यापीठातील मोठ्या संगणकावर त्याची नक्कल उभी करून, त्याच्यासाठी 'बेसिक' या भाषेची आज्ञावली लिहिली. ती अल्बुकर्कला नेऊन लावली, तो यंत्र चालू झाले! १९७५ च्या एप्रिलमध्ये या दोघांनी मायक्रोसॉफ्ट कंपनी काढली.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात छांदिष्टांचे एक मंडळ भरत असे. त्याचे नाव होमब्रू कॉम्प्युटर क्लब. तेथील रिवाज असा की, ज्याला जे सुचेल ते त्याने सर्वांपुढे मांडावे आणि ज्याला हवे त्याने ते उतरून घ्यावे. स्टीव्ह वॉझ्नियाक हा त्या मंडळाचा एक सभासद. त्याने स्वतः योजिलेल्या संगणकाच्या आकृत्यांच्या प्रती तेथे फुकट वाटल्या. याच मंडळींनी मायक्रोसॉफ्टच्या बेसिकची छिद्रे पाडलेली कागदी फीतही मिळविली, तिच्या प्रती काढल्या आणि त्या आपसांत वाटून टाकल्या. त्यांच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हते. गेट्सच्या दृष्टीने मात्र ती उघड चोरी होती. १९७६ च्या फेब्रुवारीत त्याने या छांदिष्टांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. आज्ञावली लिहिण्यास माणसांचे महिने खर्ची पडतात. तिचा मोबदला मिळणार नसेल तर चांगली आज्ञावली लिहील कोण, असा त्यातील सवाल होता. विद्या वाटावी की विकावी, हा जुनाच वाद संगणकाच्या जन्मकाळी असा नव्याने उभा राहिला. हे पत्र ध्यानात ठेवणे जरूर आहे, कारण पंचेचाळीस वर्षांनी याच गृहस्थांच्या संदर्भात तोच वाद लशीच्या निमित्ताने पुन्हा निघाला.

वॉझ्नियाकच्या आकृत्यांत धंदा दिसला तो त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्ज याला. १ एप्रिल १९७६ रोजी ॲपल कंपनी निघाली, आणि पुढच्याच वर्षी निघालेला 'ॲपल दोन' शाळांत व घरांत शिरला. मग १९८१ च्या ऑगस्टमध्ये आय. बी. एम. या बलाढ्य कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या मुळाशी असणारी आज्ञावली कोणाची घ्यावी, असा प्रश्न होता. त्या काळी या विषयातील मान्यवर म्हणजे गॅरी किल्डॉल. आय. बी. एम. चे लोक भेटीस आले तेव्हा किल्डॉल स्वतःचे विमान घेऊन हवेत विहार करीत होते, अशी आख्यायिका रूढ झाली आहे. ती संपूर्ण खरी नव्हे. त्याच दिवशी पुढे त्यांची भेट झाली, पण करार जमला नाही. गेट्सने मात्र सिएटलच्या एका लहान कंपनीची तयार आज्ञावली विकत घेतली, तिच्यावर हात फिरविला आणि ती आय. बी. एम. ला वापरावयास दिली. देताना एक हक्क त्याने आपल्याकडे राखला : हीच आज्ञावली दुसऱ्यांनाही विकण्याचा. पुढे आय. बी. एम. ने किल्डॉल यांची आज्ञावलीही विक्रीस ठेवली. परंतु तिची किंमत २४० डॉलर आणि मायक्रोसॉफ्टची ४० डॉलर. गिऱ्हाइकाने काय केले असेल हे सांगावयास नको.

या एका व्यवहारात गेट्सच्या संपत्तीची किल्ली आहे. आज्ञावलीची पहिली प्रत तयार करण्यास अपार खर्च येतो. दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. म्हणून जो किंमत कमी ठेवील आणि अगणित प्रती खपवील, त्याच्या हाती बाजार जातो. आय. बी. एम. सारखे संगणक इतर कंपन्या बनवू लागल्या, आणि प्रत्येक यंत्रामागे मायक्रोसॉफ्टला दाम मिळू लागला.

जॉब्जशी त्याची चढाओढ निराळ्या तऱ्हेची होती. १९८४ च्या जानेवारीत ॲपलने 'मॅकिन्टॉश' आणला. पडद्यावर चित्रे असावीत आणि हातातल्या 'उंदरा'ने त्यांवर बोट ठेवावे, ही युक्ती त्याने लोकांपर्यंत नेली. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचे 'विंडोज' आले. आपली वस्तू चोरली असा जॉब्जचा संताप होता. १९८८ मध्ये ॲपलने फिर्यादही केली, पण ती टिकली नाही. गंमत अशी की, ती युक्ती मुळात दोघांचीही नव्हती. झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत ती आधीच सिद्ध झालेली होती. पुढे १९९७ च्या ऑगस्टमध्ये ॲपल बुडण्याच्या बेतात आली असता मायक्रोसॉफ्टनेच तिच्यात १५ कोटी डॉलर घातले. तथापि मायक्रोसॉफ्टची सत्ता इतकी वाढली की, १९९८ साली खुद्द अमेरिकन सरकारने मक्तेदारीच्या आरोपाखाली तिला न्यायालयात खेचले. एप्रिल २००० मध्ये न्यायाधीशाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला आणि जूनमध्ये तिचे दोन तुकडे करण्याचा हुकूम काढला. अपिलात हुकूम रद्द झाला व २००१ मध्ये तडजोड झाली; परंतु 'बाजार गिळणारा मनुष्य' ही गेट्सची प्रतिमा जगापुढे राहिली.

या पहिल्या फळीतील माणसांचे उत्तरायुष्य पाहण्यासारखे आहे. एड रॉबर्ट्स यांनी १९७७ साली कंपनी विकली, चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय पदवी संपादन केली आणि जॉर्जिया प्रांतातील कॉक्रन या लहानशा गावी २०१० साली मरेपर्यंत डॉक्टरकी केली. वॉझ्नियाकने ॲपलचे स्वतःचे काही समभाग सुरुवातीच्या सहकाऱ्यांना अल्प किमतीत देऊन टाकले आणि पुढे शाळेतील मुलांना संगणक शिकविला. किल्डॉल १९९४ साली ५२ व्या वर्षी वारले. पॉल ॲलन यांनी मेंदूच्या संशोधनासाठी संस्था उभारली. जॉब्जने १९९७ साली कंपनीत परतल्यावर तिचे दानधर्माचे खातेच बंद केले. कंपनी त्या वेळी दिवाळ्याच्या दारात होती. एकाच शाळेतून निघालेले हे विद्यार्थी. परंतु कोणी हाताने दिले, कोणी विद्येने, कोणी पैशाने. यांतील सर्वांत मोठी थैली गेट्सची, म्हणून तिच्या हेतूची चर्चाही सर्वांत मोठी.

गेट्स यांनी पहिले प्रतिष्ठान स्थापन केले ते १९९४ साली. त्याच वर्षी त्यांची आई वारली. ज्याला पुष्कळ मिळाले त्याच्याकडून पुष्कळाची अपेक्षा असते, ही तिची शिकवण होती असे ते सांगतात. १९९७ च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये निकोलस ख्रिस्टॉफ यांचा एक लेख आला. गरीब देशांत दूषित पाण्याने व हगवणीने दरसाल सुमारे तीस लाख जीव जातात आणि त्यांत बहुतेक मुले असतात, असे त्यात लिहिले होते. ज्या दुखण्याने अमेरिकेतील मूल दोन दिवस किरकिर करते, त्याच दुखण्याने दुसरीकडचे मूल मरते, ही गोष्ट गेट्स पतिपत्नींच्या मनाला लागली. त्यांनी लेख वडिलांकडे धाडला आणि याबाबत काही करता येईल का, असे विचारले. दानाच्या या मार्गाला लागण्याचे हेच निमित्त, असे ते आजवर सांगत आले आहेत.

टीकाकारांचे म्हणणे निराळे. इ. स. २००० च्या जानेवारीत गेट्स मायक्रोसॉफ्टच्या मुख्याधिकारीपदावरून दूर झाले, त्याच महिन्यात आजचे मोठे प्रतिष्ठान आकारास आले. आणि तो तर खटल्याचा ऐन भर होता. तेव्हा हा डागाळलेल्या नावावर दानाचा मुलामा आहे, असे पुष्कळांनी म्हटले. अमेरिकेत प्रतिष्ठानाला दिलेल्या धनावर करांची सवलत मिळते, हेही त्यांनी दाखवून दिले. दोन्ही बाजू ऐकल्यावर मनुष्याच्या अंतःकरणाचा निवाडा कोणी करावा? आईची शिकवण, वर्तमानपत्रातील लेख, लौकिकाची हाव आणि कराची सवलत ही चारही एकाच मनात नांदू शकतात. प्रपंची माणसाचा हेतू गंगोत्रीच्या पाण्यासारखा क्वचितच असतो. तो बहुधा भीमेसारखा, वाटेत अनेक ओढे-नाले पोटात घेत आलेला.

हा प्रश्न पुणे जिल्ह्याला काही नवा नाही. शिरूर-दौंडकडचा रोगी गावच्या वैद्याने हात टेकले की पिढ्यान्‌पिढ्या ससून रुग्णालयाची वाट धरीत आला आहे. १८६७ साली उभे राहिलेले ते रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीचे. आणि ससून घराण्याच्या व्यापारात चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा फार मोठा होता. चीनमधील अफूबाजाचे घर त्या व्यापाराने बसले आणि पुण्यातील बाळंतिणीचा जीव त्याच पैशाने वाचला. एकाने दुसरे पुसले जात नाही. जमाखर्चाच्या वहीत दोन्ही रकमा आपापल्या बाजूस राहतात.

दुसरे उदाहरण दौंड तालुक्यातच आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे 'मुक्ती मिशन' आहे. १८८७ साली अमेरिकेत बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे रमाबाईंच्या कार्याचा खर्च उचलण्याचे ठरविले. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईस विधवांसाठी शारदा सदन निघाले व लवकरच ते पुण्यास आले. १८९३ साली मोठे वादळ उठले. शिक्षणाच्या मिषाने मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते, असा आरोप 'केसरी'ने केला, आणि रानडे-भांडारकरांसारखे रमाबाईंचे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातील निराधार मुली व स्त्रिया आणून केडगावी आश्रय दिला, त्यांना अक्षरओळख करून दिली, हातमाग व छापखान्याचे काम शिकविले. पैसा देणाऱ्यांचा हेतू काय, हा टिळकांचा प्रश्न गैर नव्हता. आणि दुष्काळातून जगलेल्या मुलींचे जगणेही खोटे नव्हते. केडगावने दोन्ही गोष्टी एकाच अंगणात पाहिल्या.

आता लशीकडे वळू. १९७३ साली ऑस्ट्रेलियात रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना हगवणीने आजारी मुलांच्या आतड्यांत एक विषाणू आढळला. सूक्ष्मदर्शकाखाली तो चाकासारखा दिसतो, म्हणून चाक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'रोटा' हे नाव पडले. हा इतका सहज पसरतो की, स्वच्छ पाणी पिणाऱ्या घरातील मुलालाही तो गाठतो. साखर-मिठाची जलसंजीवनी वेळीच पाजली तर मूल वाचते. परंतु रात्री-अपरात्री वाडीवस्तीवर ती वेळ साधतेच असे नाही. या शतकाच्या आरंभी जगात सुमारे पाच लाख मुले दरसाल या विषाणूने दगावत. त्यांपैकी भारतातील आकडा पाऊण लाखाच्या वर असल्याचा अंदाज होता. २००६ च्या सुमारास परदेशी लशी निघाल्या, पण त्या गरिबांच्या आवाक्याबाहेरच्या.

भारतीय लशीचे बीज दिल्लीत सापडले. १९८० नंतरच्या दशकात तेथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान यांच्या पाहण्यात असे आले की, काही नवजात अर्भकांना रोटा विषाणूची लागण झाली असूनही ती आजारी पडत नाहीत. त्या सौम्य विषाणूपासूनच लस करावी, या विचाराने कामास आरंभ झाला आणि भारत बायोटेकने तिच्या उत्पादनाचा भार उचलला. एक मात्रा एक डॉलरला देण्याचे कंपनीने कबूल केले. येथे संगणकाच्या धंद्यातील तीच युक्ती दिसते. लशीची पहिली मात्रा सिद्ध करण्यास वर्षे आणि कोट्यवधी रुपये लागतात. त्यानंतरची मात्रा काही रुपयांत निघते. तो पहिला खर्च कोणी परत न मागता उचलला आणि खप अफाट असेल याची शाश्वती दिली, तर किंमत खाली येते.

ही युक्ती त्याआधी पुण्यातच सफल झाली होती. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली स्थापन झाली. आफ्रिकेत मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका तापाच्या साथी वरचेवर येत. त्यावर पन्नास सेंटच्या आत मिळणारी लस हवी होती. २००१ साली गेट्स प्रतिष्ठानाने या कामासाठी ७ कोटी डॉलर दिले, आणि सीरमने त्या किमतीत लस करून दाखविली. २०१० च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासो या देशात ती प्रथम टोचण्यात आली, आणि पुढे आफ्रिकेतील तीस कोटींहून अधिक लोकांना मिळाली. दौंडची गाडी हडपसर-मांजरीवरून रोज ये-जा करते. आफ्रिकेतील ती साथ आटोक्यात आणणारी लस तेथून गेली, हे किती प्रवाशांच्या ध्यानी येत असेल?

या चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. २००९ साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस शाळकरी मुलींना देण्याचा एक उपक्रम गेट्स प्रतिष्ठानाच्या पैशावर चालला होता. सात मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. लशीचा त्या मृत्यूंशी बहुधा संबंध नसावा, असे चौकशीत निघाले. परंतु वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या, असेही आढळले. २०१३ मध्ये संसदीय समितीने या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. पुढे करोनाच्या काळात, २०२० मध्ये, प्रतिष्ठानाने सीरमला आगाऊ अर्थबळ दिले व मात्रेची किंमत तीन डॉलरच्या वर जाऊ नये अशी व्यवस्था केली, हे खरे; पण लशीचे हक्क तात्पुरते सर्वांना खुले करावेत अशी मागणी भारत व दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेपुढे केली असता २०२१ च्या एप्रिलमध्ये गेट्स यांनी तिला विरोध दर्शविला. १९७६ चे पत्र लिहिणारा तरुण म्हातारपणी दाता झाला, तरी विद्येच्या मालकीविषयीचे त्याचे मत पुष्कळसे तेच राहिले. पुढच्या महिन्यात प्रतिष्ठानाने मर्यादित सवलतीस पाठिंबा दिला, हेही नमूद केले पाहिजे.

असो. मग वढूला काय निराळे घडले? त्याचे उत्तर सिएटलमध्ये नाही. पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात आहे. तेथील डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० नंतरच्या दशकात वढू येथे ग्रामीण आरोग्यसेवेचे काम उभे केले. शहरातील रुग्णालयाने रोग्याची वाट पाहत बसू नये, रोग्याच्या गावी जावे, हा त्यांचा आग्रह. गावोगावच्या स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे प्राथमिक शिक्षण दिले आणि त्यांच्याच हातून काम करविले. १९९३ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील बावीस गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवण्याचे काम वढू येथून सुरू झाले. कोणत्या घरी मूल जन्मले, कोणते दगावले, कोणत्या कारणाने, हे त्या वह्यांवरून कळू लागले.

अशा नोंदींच्या पायावरच लशीची कसोटी उभी राहू शकते. दर तीन बाळांपैकी सुमारे दोघांना लस आणि एकाला निरुपद्रवी थेंब, अशी तिची वाटणी होती. आपल्या बाळाच्या वाट्याला काय येणार हे न कळता आईबापांना संमतिपत्रावर सही अथवा अंगठा करावयाचा होता. नंतर महिनोन्‌महिने बाळाच्या प्रत्येक हगवणीकडे लक्ष ठेवले जाई. कोणी अनोळखी मनुष्य परदेशी पैशाची थैली घेऊन दारी आला असता तर पहिलटकरणीने आपले तान्हे बाळ त्याच्या हाती दिले असते काय? ज्या दवाखान्यात तिच्या सासूची बाळंतपणे झाली असतील, जेथील सेविका तिच्याच गल्लीतील, त्या दवाखान्यावर तिने विश्वास टाकला. तो विश्वास तीस-पस्तीस वर्षांच्या येण्याजाण्याने मिळालेला होता. कोणत्याही प्रतिष्ठानाच्या धनादेशाने तो मिळत नाही. खम्ममला जे उणे पडले ते हेच.

कसोटीचा निकाल २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोटाच्या तीव्र हगवणीपासून ही लस सुमारे ५४ टक्के संरक्षण देते, असे ठरले. आकडा मोहक नाही. शंभरांपैकी शंभर मुले ती वाचवीत नाही. परंतु ज्या देशात हजारो मुले मरत होती तेथे निम्म्याहून अधिक संकट टळणे ही लहान गोष्ट नव्हे. २०१६ च्या मार्चमध्ये चार राज्यांतील सरकारी लसीकरणात रोटाची लस दाखल झाली आणि नंतर टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचली. सीरमनेही पुढे आपली स्वतंत्र लस काढली. आज शिरूरच्या किंवा दौंडच्या सरकारी दवाखान्यात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळाला ती फुकट मिळते.

येथे दाता कोण, हा प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे. गेट्स यांनी पैसा दिला. तो त्यांच्याजवळ विपुल होता. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी बुद्धी दिली. सरकारने कररूपाने आलेला लोकांचाच पैसा दिला. आणि वढूच्या परिसरातील आयांनी, दिल्ली-वेल्लोरच्या आयांप्रमाणे, घरातील सर्वांत मोलाचे जे होते ते विश्वासाने पुढे केले. त्यांतील काहींच्या बाळांना नुसते निरुपद्रवी थेंबच मिळाले. पण ती बाळे नसती तर लशीचा गुण कशाशी ताडून पाहिला असता? देणगीदारांच्या यादीत या स्त्रियांची नावे नाहीत, आणि त्यांच्या हेतूची चर्चा कोणत्याही वृत्तपत्राने केलेली नाही.

मे २०२५ मध्ये गेट्स यांनी जाहीर केले की, आपली बहुतेक सर्व उरलेली संपत्ती पुढील वीस वर्षांत खर्ची घालून ३१ डिसेंबर २०४५ रोजी प्रतिष्ठान बंद करावयाचे. म्हणजे ही थैली एक दिवस रिकामी होणार, हे आजच ठरलेले आहे. तेव्हा तिच्या धन्याचे मन निर्मळ होते की नव्हते, याची चर्चा इतिहासकार करोत. घेणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. देताना आपली संमती घेतली काय? किंमत आपल्या आवाक्यात राहिली काय? आणि देणारा निघून गेल्यावर आपल्या हाती विद्या उरली, की नुसती सवय उरली? वढूपुरते पाहिले तर हैदराबादेत व हडपसरला लस बनविण्याची विद्या उरली आहे, बावीस गावांच्या नोंदी उरल्या आहेत, आणि दारोदार जाणाऱ्या सेविकेला घरात बोलावून पाणी विचारण्याची गावाची रीत उरली आहे. पुढची लस येईल तेव्हा कोणाच्याही थैलीआधी याच शिदोरीची गरज लागेल.